माया

शिलाई मशीनच्या खणाची मूठ हरवली,
म्हणून हे सगळं सुरू झालं.
आचऱ्याच्या बाजारात तशी मूठ दहा रुपयांना मिळते.
मला सात आठवडे लागले
आणि उजव्या भुवईचे अर्धे केस.

दाजी मेस्त्री म्हणाले, आधी वाळू शीक.
अडतीस वर्षं त्यांनी गोदीत लाकडाचे फर्मे केले,
आता पेन्शन खातात आणि दुसऱ्यांच्या होड्यांना नावं ठेवतात.
मी किनाऱ्यावरून घमेलंभर आणली.
त्यांनी मुठीत दाबली, सोडली,
निघालेल्या पाहुण्यासारखी ती बोटांतून गेली.
"ही कोणाचीच नाय. खाडयेची माती घाल."
मग चिकणमाती, उन्हात वाळवून, कुटून,
ब्लाउजच्या अस्तरातून चाळून.
पाणी किती?
दाबल्यावर बोटं उमटावीत,
मोडल्यावर कड धारेची राहावी.
मोदकांच्या उकडीपेक्षा बरंच कमी.

फर्मा फणसाच्या लाकडाचा, हळदीच्या रंगाचा.
"उतार दी. सरळ भिंत फर्म्याक सोडूची नाय."
यात मला नवं काय?
बाही खांद्याशी रुंद, मनगटाशी निमुळती,
म्हणून तर हात सुटून येतो
आणि शिवण उसवत नाही.

हापूसच्या पेटीच्या फळ्या, दोन चौकटी.
खालची भरायची, धोपटायची, उलटायची,
राखेची पुरचुंडी झटकायची, वरची भरायची,
मग दोन्ही सोडवून, श्वास धरून,
फर्मा उचलायचा.
उरते ती जागा.
माझ्या वहीत द्वारका धुरींचं माप अजून आहे,
छाती छत्तीस, बाही साडेनऊ,
त्या गेल्याला दीड वर्ष झालं.

भट्टी म्हणजे तेलाचा डबा, आतून मातीनं लिंपलेला,
करवंट्यांचा कोळसा,
भाचीचा केस वाळवायचा पंखा.
धातू म्हणजे दिराच्या होडीतला जुना पिस्टन.
टेरिकॉट अंगावर नको, ते मला कुणी सांगायला नको,
इस्त्रीखाली त्याचं काय होतं ते रोज बघते.
सुती साडी, वर खोचलेली, सासऱ्यांचे गमबूट.
आणि पाणी नको. जमिनीवरही नको.
"एक थेंब," दाजी म्हणाले,
आणि शर्टाची बाही वर केली.
कोपरापासून वर कातडी चुण्याचुण्यांची,
घाईत शिवल्यासारखी.

पहिली मूठ: वाळू ओली राहिली.
घावनाला पडते तशी जाळी.

दुसरी गुळगुळीत, देखणी,
आणि खणाच्या भोकात खुळखुळणारी.
"धातू निवलो काय आकसता.
माया ठेवलंस काय?"

माया.
सव्वीस वर्षं हा शब्द मी रोज दहादा म्हणते,
आतून अर्धा इंच, दोन्ही बाजूंनी,
पोर वाढेल, बाई सुटेल, कापड आटेल.
विसरले.

तिसऱ्यांदा फणस चिमूटभर मोठा कोरला.
ओतताना आवाज झाला नाही.
वरच्या भोकातून धातू उगवला,
थरथरला, त्यावर साय धरली.
"आता हात लावू नको," दाजी म्हणाले
आणि स्वतः तीनदा वाकून बघून आले.

साचा फोडला.
मुठीवर फणसाच्या रेषा, जशाच्या तशा,
झाडाची वर्षं, पिस्टनच्या अंगावर.

बसवली. घट्ट बसली.
ओढली.
खण उघडेना.
खाऱ्या हवेनं लाकूड फुगलेलं,
त्याला सुतारानं माया ठेवली नव्हती.
दाजी खोकल्यासारखं हसले,
"रंधो मारूक व्हयो."

रंधा उद्या मारू.
पिस्टनचा अर्धा तुकडा उरलाय,
आणि मशीनच्या पायट्याला, डाव्या कोपऱ्यात,
एक जुना तडा आहे.
आज दुपारपासून मी
त्याच्यावरून सारखी बोट फिरवतेय.